कळ काढ म्हणणाऱ्यांना

दिवाळी अंकांची संपादकीये मी गेली तीस वर्षे न चुकता वाचत आलो आहे. त्यांत एक शब्द हमखास भेटतो : प्रसववेदना. अंक काढताना त्या संपादकांना होतात, कविता लिहिताना कवींना होतात, आणि पहिली कादंबरी पुरी करताना लेखकाला तर इतक्या होतात की प्रस्तावनेची दोन पाने त्यांच्या वर्णनात खर्ची पडतात. मीही यातून सुटलेलो नाही. शाळेच्या स्मरणिकेच्या प्रकाशनाला 'या अंकाच्या वेणा आम्ही सहा महिने सोसल्या' असे वाक्य मी व्यासपीठावरून टाकले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. समोर बसलेल्या शिक्षिकांपैकी एकीनेही टाळी वाजवली नव्हती, हे आज आठवते. तेव्हा लक्षात आले नव्हते.

मराठी पुरुषाने जो शब्द इतक्या सढळ हाताने वापरला, त्यामागची गोष्ट त्याने कधी एखाद्या बाईला विचारली आहे काय? आणि जिच्यावर उद्या ती वेळ येणार, त्या मुलीला ती कुणी समजावून सांगितली आहे काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे. या 'नाही'ची जबाबदारी माझ्यासारख्या शिकलेल्या माणसांवर, विशेषतः शाळा चालवणाऱ्यांवर येते, हे मला या लेखात भांडून सांगायचे आहे.

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागातील मराठी शाळेत मी मुख्याध्यापक आहे. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, भुसावळकडून येणारी गाडी उधना स्टेशनात रिकामी होते आणि त्यातले कितीतरी लोक इकडेच येतात. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतली शेती सोडून आलेली ही माणसे. बाप्ये यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करतात, बाया घरी बसून साड्यांना टिकल्या-लेस लावतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात आणि दवाखान्यात गुजराती, कारखान्यात हिंदी. आमच्या मुलांना चार भाषा येतात, याचा मला अभिमान आहे. परंतु बाईच्या आयुष्यातील त्या एका रात्रीविषयी या चारही भाषांत आम्ही मौन पाळतो.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्याच शाळेतून दहावी झालेली एक मुलगी दाखल्याची नक्कल घ्यायला आली. कडेवर पाच महिन्यांचे मूल. मी सहज विचारले, "बाळंतपण कुठं झालं? माहेरी का?" ती हसली. म्हणाली, "नाही सर, रस्त्यात."

नवव्या महिन्यात दोनदा तिच्या पोटात दुखून आले होते. दोन्ही वेळा रिक्षा करून दवाखाना गाठला, दोन्ही वेळा तपासून परत पाठवले. दुसऱ्या वेळी तिथल्या एका बाईंनी चारचौघींत झापले, "आ दुखावो नथी. खोटी दोडादोड शुं करे छे? घेर जा." तपासणी बरोबरच होती. त्या खऱ्या कळा नव्हत्या. पण खऱ्या कशा असतात हे सांगायला त्या बाईंना एक मिनिट मिळाले नाही. पुढे आठ दिवसांनी रात्री कंबर धरली. पोटात काही नाही, कंबरेत. आई निंदणी उरकून यायची होती. सासूबाई म्हणाल्या, "पहिलंच शे, टाइम लागी." नवरा रातपाळीला मागावर. मुलीला वाटले, दिवसभर वाकून टिकल्या लावल्या, त्याने कंबर भरली असेल. दुखणे यायचे आणि जायचे. जायचे म्हणूनच तिला ते खरे वाटेना. खऱ्या कळा एकदा सुरू झाल्या की मूल होईपर्यंत थांबतच नसतील, अशी तिची समजूत. शिवाय पुन्हा बोलणी खायची नव्हती. तिने ओढणी दातांत धरून रात्र काढली. पहाटे परसाकडे लागल्यासारखे झाले म्हणून ती चाळीच्या टोकाच्या संडासाकडे निघाली. नळाला पाणी आले होते. चार लेकरांची आई असलेली एक शेजारीण हंडा भरत होती. चौकट धरून उभ्या राहिलेल्या या मुलीकडे तिने एकदाच पाहिले आणि हंडा टाकून धावली. १०८ची गाडी आली. दवाखाना यायच्या आधी गाडीतच मूल झाले.

मूल सुखरूप आहे, आईही. परंतु त्या पहाटे पाणी उशिरा आले असते, ती मुलगी आत जाऊन कडी लावून बसली असती, तर काय झाले असते याचा विचार मी अनेक रात्री केला आहे. जाताना ती म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नव्हतं, सर. शाळेत तो धडासुद्धा घेतला नव्हता ना."

ते खरे होते. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. आमच्या विज्ञान शिक्षकांनी तो कसा घ्यावा असे मला विचारले होते आणि मीच म्हणालो होतो, "मुलं-मुली एकत्र बसतात. उगाच खुसखुस नको. घरी वाचून या म्हणावं, परीक्षेपुरते प्रश्न लिहून द्या." घरी वाचून या! ज्या घरात आई, सासू, काकू सगळ्याच गप्प, त्या घरी. आणि तो धडा घेतला असता तरी काय होते? प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, एवढे सांगून धडा पुढे सरकतो. ते आकुंचन जिच्या पोटात होते तिला काय वाटते, याचा त्यात मागमूस नाही.

मी स्वतः मराठीचा शिक्षक. 'माझी आई' हा निबंध मी हजारो वह्यांतून तपासला असेल. 'मरणयातना सोसून तिने मला जन्म दिला' या वाक्याला मी प्रत्येक वेळी अर्धा गुण वाढवून दिला आहे. त्या यातना म्हणजे काय, असा प्रश्न मी समासात कधी लिहिला नाही. ज्या मुलीने ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिले, तीच पाच वर्षांनी रात्रभर कंबर धरून बसली आणि आपल्याला काय होते आहे हे तिला ओळखता आले नाही.

मराठीत 'कळ काढणे' असा एक वाक्प्रचार आहे. मुलीच्या जातीला तो लहानपणापासून ऐकवला जातो. पाळीत पोट दुखते, कळ काढ. सासरी पटत नाही, थोडी कळ काढ. सहनशक्तीचे हे शिक्षण आम्ही मुलींना इतके पक्के देतो की परीक्षा घेतली तर सगळ्या पहिल्या वर्गात पास होतील. माझ्या विद्यार्थिनीनेही तेच केले, तिने कळ काढली. कळ ओळखायला मात्र आम्ही तिला शिकवले नव्हते. माझ्या भांडणाचा मुद्दा एवढाच आहे.

ओळखायचे म्हणजे काय, हे मलाही नव्याने शिकावे लागले. लग्नाला एकतीस वर्षे झाल्यावर मी सौ.ला प्रथमच विचारले, "पहिल्या वेळी तुला नक्की काय होत होतं?" ती आधी म्हणाली, "आता कशाला ते?" मग बोलू लागली ती तासभर बोलत होती. "कंबरेतून सुरू व्हायचं. दोन्ही बाजूंनी कुणी ओला पंचा पिळावा तसं पुढं ओटीपोटात यायचं. पोट दगडासारखं व्हायचं, हात लावला तर बोट रुतत नसे. चढत चढत जायचं, वाटायचं आता नाही सहन होत, आणि नेमकं तिथूनच उतरायला लागायचं. उतरलं की काही म्हणजे काही नसायचं. मला तर मध्ये डुलकी लागायची. दोन मिनिटांची झोप, आणि पुन्हा. शेवटी शेवटी पाय थरथरायला लागले, उलटी झाली, आईला म्हणाले, मला घरी ने, मला नाही व्हायचं बाळंत. आणि मग संडासला लागल्यासारखं. लाजेनं सांगवेना. सुईणबाई म्हणाल्या, अगं वेडे, तेच तर बाळ!" थोडे थांबून ती म्हणाली, "आईचा हात होता म्हणून झालं. तुम्ही बाहेर चहा पीत होतात." मी चहा पीत होतो, हे खरे आहे.

नंतर आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त परिचारिकेला मी हे सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या घरच्यांनी अख्खा धडाच सांगितला की." आणि त्यांनी त्याची फोड करून दिली. ती येथे देतो, कारण हा अंक ज्या घरांत जातो तेथे एखादी पहिलटकरीण असेलच.

गर्भपिशवी हा एक स्नायूच आहे. ती आवळते आणि सैल सुटते. प्रत्येक आवळण्यानिशी तिचे तोंड थोडे पातळ होते, थोडे उघडते, आणि बाळ खाली सरकते. तोंड पुरते उघडले म्हणजे दहा सेंटिमीटर. गर्भपिशवीकडून येणाऱ्या मज्जा आणि कंबरेकडून, ओटीपोटाकडून येणाऱ्या मज्जा पाठीच्या कण्यात एकाच भागात पोचतात, म्हणून दुखणे पोटाऐवजी कंबरेत, कधी मांड्यांतही जाणवते. 'पोटात दुखत नाही म्हणजे कळा नाहीत' हा समज त्यामुळेच धोक्याचा. सुरुवातीच्या कळा पाळीच्या दुखण्यासारख्या, अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या, पंधरा-वीस मिनिटांनी येणाऱ्या असतात. पुढे त्या जवळ जवळ येतात, लांबतात, वाढतात. अखेरीस दोन-तीन मिनिटांनी एक आणि मिनिटभर किंवा अधिक टिकणारी. मध्ये विश्रांती असते. येणे, जाणे हेच खऱ्या कळेचे लक्षण.

खोट्या कळाही असतात. इंग्लंडातील डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांना नेम नसतो. कधी दहा मिनिटांनी, कधी तासाने. कूस बदलली, चार पावले चालले, पाणी प्यायले की बहुधा थांबतात. खऱ्या कळा चालल्याने थांबत नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतची मिनिटे कागदावर मांडली, तर तासाभरात फरक कळू लागतो. ज्या मुलींना आम्ही गणितात काळ-काम-वेगाची उदाहरणे घालतो, त्यांना एवढे सहज जमेल. पहिल्या खेपेस साधारणपणे पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, आणि असे तासभर चालले की निघायचे, असा ढोबळ हिशेब सांगतात. दवाखाना लांब असेल किंवा डॉक्टरांनी जोखीम सांगितली असेल, तर त्याआधीच. पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, डोके भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा दिवस पुरे भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, तर घड्याळ बघत बसायचेच नाही, ताबडतोब दवाखाना.

'पहिलटकरणीला वेळ लागतो' हे सासूबाईंचे म्हणणे चूक नाही, अपुरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत गर्भपिशवीचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासूनचा काळ पहिल्या खेपेस सहसा बारा तासांपलीकडे जात नाही असे म्हटले आहे. त्याआधीचा मंद कळांचा काळ किती असावा याला मात्र नियम नाही. आणि ताशी एक सेंटिमीटर तोंड उघडलेच पाहिजे हा जुना दंडक सर्वच बायकांना लागू पडत नाही, असेही त्याच शिफारशी सांगतात. तेव्हा वेळ लागतो तो असा, टप्प्याटप्प्याने. त्या टप्प्यांची नावे ठाऊक असली की मुलगी म्हणू शकते, 'हे पाय थरथरणे, ही उलटी, हे "मला नाही जमणार" वाटणे म्हणजे शेवट जवळ आला.' ठाऊक नसेल तर तिला वाटते, आपण मरतो आहोत.

आता आक्षेप. हा विषय स्टाफरूममध्ये काढला तेव्हापासून ते माझ्या कानावर पडत आहेत.

पहिला आक्षेप : सांगितले तर मुली घाबरतील. जणू आज त्या निर्धास्त आहेत! सांगितले जात नाही असे नाही, वेडेवाकडे सांगितले जाते. डोहाळजेवणाला ओटी भरून झाली की पलीकडच्या खोलीत कुणाची तरी बहीण कशी अडली आणि कुणाची भावजय कशी गेली, याच्या गोष्टी चालतात, आणि पहिलटकरीण भिंतीआडून ऐकत असते. नाहीतर 'बाईचा दुसरा जन्म' म्हणून आरती ओवाळली जाते. एकात भीती आहे, दुसरीत गौरव आहे, माहिती दोन्हींत नाही. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते की भीतीने अंग ताठते आणि ताठलेल्या अंगाला वेदना अधिक होते. त्यांचे सगळेच म्हणणे आज कुणी मान्य करीत नाही, आणि मीही 'माहिती असली की दुखत नाही' असली थाप मारणार नाही. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदना मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि १९८१ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसूतिवेदनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिलटकरणींच्या वेदना अधिक निघाल्या, एका बाईच्या आणि दुसरीच्या वेदनेत फार अंतर निघाले, आणि आधी शिकवून तयार केलेल्या बायकांना वेदना काहीशा कमी झाल्या, पण झाल्याच. मुलीला हेच सांगावे : दुखेल, कुणाला फार, कुणाला कमी. ओरडलीस तर त्यात लाज नाही. दुखणे कमी करण्याचे उपाय वैद्यकात आहेत, ते मागणे हा गुन्हा नाही. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिले, तेव्हा वेदना ही देवाची आज्ञा आहे असे म्हणणारे लोक तिकडेही होते. १८५३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने ते घेतले आणि त्यांचा आवाज बसला.

दुसरा आक्षेप : आमच्या आयांना कुणी शिकवले होते? त्यांचे काही बिघडले नाही. हे वाक्य ज्यांच्या आया वाचल्या तेच म्हणू शकतात. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणीनुसार २००१-०३ या काळात आपल्या देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ही संख्या ९७ वर आली. एवढे जीव वाचले ते कळ काढल्याने नव्हे, वेळेवर दवाखाना गाठल्याने. आणि वेळेवर गाठायचा तर वेळ झाली हे आधी ओळखता आले पाहिजे.

तिसरा आक्षेप शिकलेल्या घरांतून येतो : आता काय, सिझेरियन आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात २१.५ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली आढळली. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. शस्त्रक्रियेने आई आणि मूल वाचते तेव्हा तिच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. पण कळांच्या निव्वळ धास्तीने जी मुलगी आठव्या महिन्यातच 'मला कापून काढा' म्हणते, ती निवड करीत नसते, पळत असते. दोन्ही वाटा समजून मग निवडली, तर ती निवड.

चौथा आक्षेप माझ्याविषयीच आहे : पुरुषाने यात बोलू नये. वांझेला बाळंतपणाच्या वेणा काय कळणार, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ती म्हण दुष्ट आहे, कारण जिला मूल नाही तिला आणखी एक टोचणी देण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. पण पुरुषांना ती फार सोयीची पडली : ज्याने भोगले नाही त्याला कळणारच नाही, तर मग विचारायचे तरी कशाला! मला कळा कळणार नाहीत, हे मान्य. परंतु त्यांची मिनिटे मोजता येतील, रिक्षा आणता येईल, रातपाळीला जाताना शेजारच्या बाईला सांगून ठेवता येईल, आणि निदान धडा तरी गाळता येणार नाही. जी गोष्ट पुरुषांशिवाय सुरू होत नाही, तिच्या शेवटी मात्र पुरुषांनी चहा पीत बाहेर उभे राहायचे, हा शिष्टाचार कुणी घालून दिला?

सुरतेच्या मराठी माणसाला तर या बाबतीत गप्प बसण्याचा अधिकारच नाही. आमच्या या शहराशी एका मराठी बाईचे नाते आहे, आणि ते आमच्याच मुलींना ठाऊक नाही. डॉ. रखमाबाई. जन्म १८६४ चा, मुंबईचा. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातील नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या. १८८७ मध्ये कोर्टाने 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असे फर्मावले तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि परतल्यावर त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली ती या सुरतेत, स्त्रियांच्या दवाखान्यात. घराबाहेर बाळंत होणे हे ज्या काळी बायकांना संकट वाटे, त्या काळी गुजराती बोलणाऱ्या बायकांचा विश्वास एका मराठी बाईने मिळवला. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हेही नामांकित वैद्य आणि वैद्यकावर मराठीत लिहिणारे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जो विषय मराठीत लिहिला जात होता, तो आज आम्हाला वर्गात उच्चारवत नाही. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले, खटले सोसले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये जगापुढे आणले की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेली होती ती अवघ्या ८ टक्क्यांची. बाकीच्या काय करीत होत्या? कळ काढीत होत्या.

दवाखान्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तिथल्या परिचारिका रात्रंदिवस राबतात, एकीच्या अंगावर अनेक खाटा असतात, हे मी जाणतो. तरीही वेदनेत असलेल्या मुलीला हिडीसफिडीस करणे हा कामाचा भाग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये याविषयी स्वतंत्र निवेदन काढले की प्रसूतीच्या वेळी सन्मानाची वागणूक हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे. आपल्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवण्यास मोकळीक दिली, स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई हवी, आणि आडोशाची सोय असेल तेथे नवराही चालेल. २०१७ मध्ये प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठी 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रमही सुरू झाला. कागद चांगले आहेत. पण आमच्या गल्लीतल्या किती घरांना ठाऊक आहे की आईचा हात धरून ठेवणे ही आता मेहेरबानी राहिलेली नाही? ठाऊक नसलेली सवलत मागणार कोण?

आणि भाषेचे काय? वेदनेत माणूस आपल्या आईच्या बोलीत शिरतो. जी मुलगी बाजारात फर्डे गुजराती बोलते, तीसुद्धा त्या घटकेला अहिराणीतच ओरडते. डॉक्टर विचारतात, "दुखावो केटली वारे आवे छे?" शब्द तिला कळतात, प्रश्न कळत नाही, कारण दुखणे मोजायचे असते हेच तिने कधी ऐकलेले नसते. गंमत अशी की गुजरातीत 'वेण' आणि मराठीत 'वेणा', शब्द दोन्हीकडे एकच आहे. दोन्ही भाषांनी तो जपून ठेवला आणि दोन्ही भाषांनी तो मुलींपासून लपवून ठेवला. दवाखान्याच्या भिंतीवर गुजराती आणि मराठी अशा दोन भाषांत आठ ओळींचा तक्ता लावायला किती खर्च येतो? खरी कळ कशी, खोटी कशी, केव्हा यायचे, सोबत कोण चालते. आमच्या वस्तीतील मंडळे गणपतीला आणि कानबाईला हौसेने फलक लावतात. त्यातला एक फलक यासाठी लावला तर देवाला राग येणार नाही.

माझ्यापुरते मी सुरुवात केली आहे. यंदा जुलैत त्या निवृत्त परिचारिकेला दहावीच्या वर्गावर बोलावले. मुलगे-मुली एकत्र. पहिली पाच मिनिटे खुसखुस झाली, ती सहाव्या मिनिटाला थांबली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्यांनी एका मुलाला मूठ आवळायला सांगितली, मिनिटभर, घड्याळ लावून, आणि मग सोडायला. असे पाच वेळा. चौथ्या वेळी त्याचा हात कापू लागला. बाई म्हणाल्या, "ही नुसती मूठ. आता असे बारा तास धर." वर्ग गप्प झाला. तास संपल्यावर एका मुलाने मला गाठून विचारले, "सर, माझी आई पण अशीच...?" मी म्हणालो, "तिलाच विचार." दुसऱ्या दिवशी दोन पालक तक्रार घेऊन आले. मी त्यांना बसवले, चहा दिला, आणि त्या गाडीत जन्मलेल्या मुलाची गोष्ट सांगितली. एक जण ऐकून गेला. दुसऱ्याने मुलीला शाळेतून काढण्याची भाषा केली. अजून काढलेली नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीजेला लेकी माहेरी आलेल्या असतील. त्यांतली एखादी पोटुशी असेल. तिला चकल्या करू देऊ नका, वाकू देऊ नका, हे सगळे तुम्ही कराल, ते तुम्हाला सांगायला नको. एवढे आणखी करा. दुपारची आवराआवर झाली की तिची आई, काकू, थोरली बहीण, ज्या कुणी या वाटेने गेल्या असतील त्यांनी तिला जवळ बसवावे आणि सांगावे, माझ्या वेळी कंबरेतून सुरू झाले होते, असे चढायचे, असे उतरायचे, अमुक वेळी मी रडले, अमुक वेळी सुटले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून सांगावे. जावई तिथे असतील तर त्यांना बाहेर पाठवू नये. त्यांनीही ऐकावे.

आणि संपादक महाराज, पुढल्या वर्षी आपल्या संपादकीयात 'प्रसववेदना' हा शब्द लिहिण्यापूर्वी एकदा घरात विचारून यावे.